स्क्रीन मोजायची की कापड?

ऑनलाइन घेतलेला कपडा परत पाठवताना आपण सगळेच एक वाक्य लिहितो : ‘फोटोत रंग वेगळा दिसत होता.’ माझी वहिनी हे वाक्य दुसऱ्या बाजूने वाचते. ती माहीमहून कॉटनचे दुपट्टे विकते. माहीम म्हणजे मुंबईचं नव्हे, पालघरचं. केळव्याशेजारचं, पानवेलींच्या वाड्यांचं. मागच्या दिवाळीत तिचे सहा दुपट्टे परत आले. सहाही जणींचं म्हणणं एकच, गेरू मागवला आणि विटकरी आला. जाण्यायेण्याचं कुरियर वहिनीच्या खिशातून गेलं, म्हणजे त्या महिन्याचा नफाच गेला.

फोटोंचं अंतिम काम माझ्या मॉनिटरवर होतं. दिवसा त्यावर ऑफिसचा कोड, रात्री दुपट्टे. म्हणून तपास तिथूनच सुरू केला आणि मी मॉनिटरचा कॅलिब्रेटर शोधायला लागले.

हे माऊसएवढं यंत्र असतं. ते स्क्रीनवर टेकवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र प्रत्यक्षात बाहेर पडणारा प्रकाश मोजतं आणि दोन्हींतला फरक भरून काढणारी एक फाइल तयार होते. तिला प्रोफाइल म्हणतात. बाजारात यंत्राच्या दोन जाती आहेत. कलरिमीटरमध्ये माणसाच्या डोळ्याची नक्कल करणारे तीन-चार फिल्टर असतात. तो स्वस्त, वेगवान आणि गडद छटांमध्ये भरवशाचा. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो. तो महाग, पण कागद आणि कापडही मोजू शकतो. इंजिनिअरला दोन पर्याय दिले की तो महागड्याकडे झुकतो. मीही झुकले होते.

मग बाबांना विचारलं. बाबांनी अठ्ठावीस वर्षं तारापूर एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये शेड मॅचिंग केलं. माहीमहून एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर. खरेदीदाराने मंजूर केलेला तुकडा आणि नव्या लॉटचा तुकडा लाइट बॉक्समध्ये शेजारी धरायचे, हे त्यांचं काम. आधी डी६५, म्हणजे दिवसाचा उजेड. मग टीएल८४, म्हणजे दुकानातली ट्यूबलाइट. एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटू शकते. पुस्तकात त्याला मेटामेरिझम म्हणतात. बाबा म्हणतात, ‘शेड पलटली.’

माझ्या यादीत डेटाकलरचा स्पायडर होता. बाबा त्या नावावर थांबले. त्यांच्या लॅबमधलं कापड मोजायचं मोठं यंत्र याच कंपनीचं होतं. यादीतलं दुसरं नाव कॅलिब्राइट. एक्स-राइटची मॉनिटर मोजायची यंत्रं २०२१पासून या नावाने विकली जातात. त्याच एक्स-राइटने २००६ मध्ये ग्रेटॅगमॅकबेथ विकत घेतली होती. बाबांच्या डिपार्टमेंटमध्ये लाइट बॉक्सला सगळे ‘मॅकबेथ’च म्हणायचे. माझ्या टेबलावर येऊ घातलेलं यंत्र त्यांच्या ओळखीच्या घराण्यातलं निघालं.

यादी परत देताना त्यांनी एकच विचारलं, “तुला स्क्रीन मोजायची आहे की कापड?”

स्क्रीन. मग कलरिमीटर पुरे. तुम्ही स्वतः छपाई करत नसाल तर तुमचंही उत्तर बहुधा हेच असेल. फक्त दोन गोष्टी बघा. तुमच्या मॉनिटरच्या बॅकलाइटच्या प्रकारासाठी त्यात दुरुस्तीची सोय हवी. आणि जुना, सेकंडहँड घेऊ नका. काही जुन्या यंत्रांतले फिल्टर काळाने आणि दमट हवेने उतरतात, आणि आमच्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. यंत्र आलं. अर्धा तास मॉनिटर तापू दिला, मग पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १२० कँडेला अशी मापं दिली. स्क्रीनवरची निळसर झाक गेली.

प्रोफाइल झाल्यावर मी सगळ्यांना बोलावून दोन निळे चौकोन शेजारी दाखवले. वहिनी लगेच म्हणाली, डावा जांभळ्याकडे जातोय. बाबा म्हणाले, दोन्ही एकच आहेत. मी फरक वाढवला. बाबा पुढे वाकले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. “एकच आहेत.”

कोणी काही बोललं नाही. डोळ्याची नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळी पडत जाते आणि मोतीबिंदूत ते वाढतं. निळा प्रकाश अडतो. बाबांना हे माझ्याआधी माहीत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं आणि ते ‘दिसतंय की सगळं’ म्हणून टाळत होते. त्यांनी कलरिमीटर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, “याला कोणाच्या डोळ्यांनी दिसतं?”

याचं उत्तर आहे. स्क्रीनची रंगमापनं सहसा १९३१च्या ‘प्रमाण निरीक्षका’वर उभी आहेत आणि तो निरीक्षक म्हणजे इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी तपासलेल्या सतरा माणसांच्या नजरेची सरासरी. दहा जण एकाचे, सात दुसऱ्याचे. बाबा हसले. “सतराच? आमच्या शिफ्टला त्याहून जास्त होते.”

दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन त्यांनी ऑपरेशनची तारीख घेतली. आता उजवा डोळा झालाय, डावा बाकी आहे. एक मिटला की भिंत पांढरी, दुसरा मिटला की तीच भिंत चहाच्या डागासारखी. दिवसातून चार वेळा ते तपासून बघतात.

आणि दुपट्टे? माझा मॉनिटर बरोबर झाला म्हणून पुण्यातल्या ताईंचा मोबाइल बरोबर होत नाही. त्यांनी रात्री नाइट मोड लावला की सगळं जग विटकरी. कॅलिब्रेटर फक्त आपली बाजू साफ करतो. पलीकडच्या बाजूसाठी उपाय बाबांचा : ओळखीची वस्तू शेजारी ठेवा. म्हणून आता वहिनीच्या प्रत्येक फोटोत दुपट्ट्याच्या कडेला वाडीतलं एक विड्याचं पान असतं. पान जिच्या मोबाइलवर पिवळट दिसेल, ती गेरूकडेही जरा सांभाळून बघेल.

परवा पान निवडताना बाबांनी तीन बाजूला टाकली. त्यांच्या मते शेड जुळत नव्हती.