बोरगाव मेघेच्या वर्गातला आठवडा

वर्धा शहराला लागूनच बोरगाव मेघे. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही तिथल्या एका प्राथमिक वर्गात गेलो. सत्र परीक्षा तोंडावर आलेली. १४ ऑक्टोबरसाठी मुले दीक्षाभूमीचे चित्र रंगवत होती, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी पुस्तके मांडत होती. बाईंना क्षणाची उसंत नव्हती.

पण हजेरीत एका नावाला उत्तर आले नाही. सोयाबीन कापणीचे दिवस. आई मजुरीला, अन् मुलगी धाकट्या भावापाशी घरी. बाईंनी निरोप धाडला, "भावाला घेऊन ये, पण ये." दुसऱ्या दिवशी ती आली. मांडीवर भाऊ, समोर वही.

सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मुलांना मिळावे, असा ठराव १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात झाला. कायदा आला २००९ साली. बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी.

मायबापहो, मजुरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण कापणीच्या दिवसांत वस्तीतल्या आजींनी मिळून धाकटी लेकरे सांभाळली, तर थोरलीचा पेपर बुडणार नाही. एवढे आपल्या हाती आहे.