निळ्या पडद्याचा काळ : विंडोजची दोन घराणी

१/ दोन ओळी लिहून झाल्या की माझी बोटे आजही आपोआप फाइल जतन करतात. संगणक ते काम स्वतःच करतो, तरीही. विंडोज ९८ वर हात बसलेल्या पिढीची ही खूण. त्या काळाचा इतिहास मात्र आपण फार सोपा करून सांगतो : ९५ आणि ९८ कच्च्या, एक्सपी पक्की. मित्रहो, कालक्रम पाहिला की ही मांडणी टिकत नाही.

२/ पक्की प्रणाली आधीच तयार होती. डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली विंडोज एनटी ३.१ जुलै १९९३ मध्ये आली. विंडोज ९५ त्यानंतर दोन वर्षांनी. एनटीमध्ये प्रत्येक प्रोग्रामची मेमरी स्वतंत्र असे. एक कोसळला तरी सहसा बाकीचे चालू राहत. ९५ मध्ये मेमरीचा काही भाग सामायिक आणि लिहिण्यास खुला होता. एकाची चूक साऱ्या यंत्राला भोवे.

३/ मग घरोघरी एनटी का आली नाही? तिला किमान १२ एमबी रॅम लागे, ९५ ला ४ एमबी पुरत. शिवाय डॉसवरचे अनेक खेळ हार्डवेअरशी थेट बोलत. एनटीला ते मान्य नव्हते. स्थैर्याची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती.

४/ एक दोष मला फार बोलका वाटतो. ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येई आणि यंत्र गोठू शके. दुरुस्ती आली ती १९९९ मध्ये. घरचा संगणक सलग सात आठवडे चालू राहणेच दुर्मीळ, म्हणून हा दोष इतका काळ दडून राहिला असावा, असे मला वाटते.

५/ २००० साली दोन्ही घराणी समोरासमोर आली : फेब्रुवारीत एनटीच्या वंशातील विंडोज २०००, सप्टेंबरमध्ये ९५ च्या वंशातील मिलेनियम. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली आणि एनटीचा गाभा घरात पोहोचला. शोधापासून उंबरठ्यापर्यंत आठ वर्षे लागली.

६/ म्हणून ९५ ला मी अपयश मानत नाही. तिने जुने प्रोग्राम आणि तुटपुंजी रॅम दोन्ही सांभाळून घेतली. निळा पडदा ही त्या तडजोडीची किंमत होती. एखादी वस्तू कधी घडली, एवढ्यावर इतिहास संपत नाही. ती सामान्य माणसाच्या हाती कधी आली, हेही विचारायला हवे.