दचकवणारे नव्हे, छळणारे शॉट्स

भयपट म्हटलं की सगळ्यांना दचकणंच आठवतं. धाडकन आवाज, पॉपकॉर्न सांडतं, शेजारचा हसतो... संपलं! माझ्या डोक्यात मात्र भलतेच शॉट्स घर करून बसलेत. त्यातले तीन सांगतो. ('सायको' अजून पाहिला नसेल तर तिसरा सोडून द्या.)

पहिला 'हॅलोविन' (१९७८) मधला. घाबरलेली लॉरी भिंतीला टेकून रडतेय. शेजारी काळोखा दरवाजा. त्या काळोखात हळूहळू पांढरा मुखवटा दिसू लागतो. कॅमेरामन डीन कंडी याने एक छोटा दिवा डिमरने सावकाश वाढवला, बस्स. आपले डोळे अंधाराला सरावतात ना, अगदी तसं वाटतं. बायकोने विचारलं, "हा कधीपासून उभा होता रे तिथे?" हाच तर प्रश्न आहे!

दुसरा 'रोझमेरीज बेबी' (१९६८). शेजारची मिनी बेडरूममध्ये जाऊन फोन करते. पोलान्स्कीने कॅमेरा मुद्दाम असा ठेवायला लावला की चौकटीआड ती अर्धीच दिसते. कॅमेरामन विल्यम फ्रेकर सांगायचा की थिएटरात लोक तिला बघायला एका बाजूला झुकले. मी लॅपटॉपसमोर तेच केलं. मान वाकडी करून स्क्रीनच्या आड काही दिसत नाही, हे ठाऊक असूनसुद्धा!

तिसरा 'सायको' (१९६०). शॉवरच्या सीनवर पुस्तकं निघालीत, पण मला छळते ती नंतरची गाडी. आईचं कृत्य झाकायला नॉर्मन मॅरियनचं प्रेत गाडीत घालून ती दलदलीत ढकलतो. गाडी बुडते, बुडते... आणि मध्येच थांबते. नॉर्मन इकडेतिकडे बघतो. आणि आपण? आपण मनात म्हणतो, "बुड गं बाई एकदाची!" जिच्यासाठी आत्तापर्यंत जीव टांगणीला लागला होता, तीच डिकीत आहे, हे विसरून. गाडी बुडते आणि आपल्याला चक्क हायसं वाटतं.

रिलीजच्या रात्री एखादा गंभीर बग 'पुढच्या व्हर्जनमध्ये बघू' म्हणून खाली ढकलला जातो आणि अख्खी मीटिंग रूम सुस्कारा सोडते, तेव्हा मला ती गाडी आठवते. मुखवट्यातल्या माणसापासून पळता तरी येतं. हे हायसं वाटणं आपल्याच आतलं असतं. हिचकॉकने ते एकही शब्द न वापरता बाहेर काढलं.

असो. तुमचा असा एखादा शॉट असेल तर जरूर सांगा. दचकवणारा नको.