आवाज आणि अश्वशक्ती

आमच्या चिरंजिवांनी गेल्या उन्हाळ्यात मोटारीचा मूळ एअर फिल्टर पेटीसह काढून तेथे उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसविला. ‘बाबा, दहा हॉर्सपॉवर वाढली!’ असे ते म्हणाले. पैसे त्यांच्या पहिल्या पगाराचे. म्हणून आम्ही मौन धरले.

मे महिन्यात निर्मलहून आदिलाबादेस परतताना महबूब घाट लागला. इंजिन डरकाळ्या फोडू लागले. घड्याळ मात्र निराळे सांगू लागले. या चढाचा पूर्वीचा वेळ आमच्या वहीत टिपलेला होता. फरक पडला नाही!

कारण साधे आहे. एक ग्रॅम पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि हवा तापली की विरळ होते. मूळ पेटी बहुधा बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची, इंजिनानेच तापविलेली. शिवाय साध्या इंजिनास स्वच्छ कागदी फिल्टर पुरेशी हवा देतोच. टर्बो गाडीत संगणकाची जुळणीही बदलल्यास काही लाभ होतो, एरवी अल्पच. आमच्या कापसाच्या जिल्ह्यात तर धूळ अडविणे हेच फिल्टरचे खरे कर्तव्य.

‘नुसता आवाजच वाढला,’ चिरंजीव हिरमुसून म्हणाले. आम्हांस हसू आले नाही. वर्गात आवाज चढविला की विद्या वाढते, असे आम्हीही तीस वर्षे मानीत आलो होतो.

रविवारी आम्ही दोघांनी मिळून जुनी पेटी पुन्हा बसविली.