मातीची मोहर

तेरच्या संग्रहालयात शिरलेला माणूस आधी हस्तिदंती बाहुली शोधतो. शोधावीच. १९३८ साली पाँपेईच्या ढिगाऱ्यातून एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, ती आता नेपल्सला असते. तेरची बाहुली तिच्याच गणगोतातली. धाराशिव जिल्ह्यातल्या, तेरणेकाठच्या या गावाला एवढं मोठं सासर-माहेर असेल असं बसमधून उतरताना वाटत नाही.

मी मात्र अडकले एका मातीच्या चकतीपाशी. रोमन नाण्याची नक्कल. दख्खनमध्ये अशा चकत्या बऱ्याच ठिकाणी सापडल्या आहेत, त्यांतल्या कितीएकींवर तिबेरियस बादशहाचा चेहरा आहे. वर दोरा ओवायची सोय, म्हणजे गळ्यात घालायची वस्तू. ज्यांना खरं सोन्याचं नाणं परवडत होतं त्यांनी ते घातलं असेल. बाकीच्यांनी रोमचा बादशहा भट्टीत भाजून घेतला.

मला आत्याची पुतळ्यांची माळ आठवली. रेशमात ओवलेली, पटवेकऱ्याकडून दर काही वर्षांनी पुन्हा गाठवून आणलेली. दिवाळीच्या आधी ती रिठ्याच्या पाण्यात घालायची आणि जुन्या दातघासणीने घासायची, तेव्हा एकेक पुतळी हातात घेऊन बघू द्यायची. एका बाजूला दोन माणसं, एक उभा, एक गुडघ्यावर. "हा राम आणि हा मारुती," ती सांगायची. शेपूट कुठंय विचारलं तर म्हणायची, "झिजली." मला ते पटलं होतं. पुढे कधीतरी कळलं की पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकॅट. उभा आहे तो संत मार्क, आणि गुडघे टेकून त्याच्याकडून निशाण घेतो आहे तो व्हेनिसचा प्रमुख, डोज. पेशवाईच्या हिशेबांत पुतळी हे चलनी नाणं होतं. सोनं चोख, म्हणून सगळ्यांचा विश्वास. मग आपल्या सोनारांनी तिचे ठसे केले, त्या ठशांवरून आणखी ठसे, आणि लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा आणि टिंबं उरली. आत्याच्या माळेतल्या पुतळ्या तसल्याच असणार. शिवाय त्यांत दोन बेगडी होत्या. कुणाच्या तरी आजारपणात दोन खऱ्या मोडल्या, आणि माळ विरळ दिसू नये म्हणून आठवडी बाजारातून तशाच दिसणाऱ्या दोन आणून ओवल्या. त्या कुठल्या, हे घरात फक्त तिलाच ठाऊक. लग्नकार्यात बायका माळ हातात घेऊन तोलून बघायच्या तेव्हा ती अगदी निवांत बसलेली असायची. तिच्यामागे वाटणी झाली तेव्हा सोनाराने त्या दोन लगेच बाजूला काढल्या. मी मागून घेतल्या. राम-मारुती त्यांच्यावरच जास्त ठसठशीत आहेत.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' सांगतो, भडोचहून पैठण २० दिवसांवर आणि पैठणहून पूर्वेला तगर १० दिवसांवर. वाट धड नाही, पण गाड्या भरभरून जाडंभरडं कापड आणि मलमल तिथून बंदराकडे जाते. तीस दिवस हाडं खिळखिळी करून घेणाऱ्या गाडीवानाला त्या कापडात काय मिळत असेल? परतताना बायकोसाठी त्याने घेतलं असेल तर हेच घेतलं असेल, मातीचं. माझं मत असं, की बाजाराचा इतिहास खोट्या दागिन्यांवरून लिहावा. खजिने कुणीतरी पुरून ठेवलेले असतात. हौस मात्र अंगावर असते, आणि ती फुटून पडते तीही बाजाराच्या वाटेवरच.

असल्या फुटक्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या म्हणून हे संग्रहालय उभं आहे. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, पांढऱ्या केओलीन मातीच्या बाया. उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट इथेच आहे, आणि तिच्यासाठीसुद्धा यावं. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत दिवे इतके हुशारीने सोडलेले असतात की काय बघायचं ते आधीच ठरून गेलेलं असतं. इथे नजरेला आपली आपण चूक करायची मुभा आहे.

चकतीचा साचा कुणी केला असेल, सोनाराने की कुंभाराने? गाव गोरोबाकाकांचं, तेव्हा मी कुंभाराच्या बाजूची. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण भाजलेलं आणि कोण कच्चं हे गोरोबांनी पाहिलं ती कथा इथलीच. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले, म्हणून ते कच्चे ठरले. मला लहानपणापासून हा निकाल मान्य नाही. डोक्यात थापटणं बसल्यावर जो ओरडतो तो निदान खरं बोलतो. नामदेव तिथून उठले आणि पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तर तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलेले.