आंजर्ल्याची न्याहारी

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, गेल्या आश्विनांत, माझ्या रक्तांत साखर सांपडली. तक्रार अशी कांहींच नव्हती. चष्म्याचा नंबर वारंवार बदलूं लागला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं रक्त तपासण्यास पाठविलें. आणि सायंकाळीं हातांत कागद आला. उपाशीपोटीं १६२, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आंकडा ८.१. उपाशीपोटीं १२६ व सरासरी ६.५ ही मधुमेहाची वेस समजतात. मी ती वेस केव्हांच ओलांडून गांवांत शिरलों होतों.

आमच्या घराण्यास हा पाहुणा नवा नव्हे. तीर्थरूपांचा डावा पाय याच रोगानें गेला. अंगठ्यास लहानशी जखम झाली होती. पाय बधिर झालेला असल्यामुळें ती त्यांना कळली नाहीं, आणि कळली तेव्हां फार उशीर झाला होता. त्या पायाची आठवण मनांत घेऊनच मी डॉक्टरांपुढें बसलों होतों. त्यांनीं गोळ्या लिहून दिल्या, रोज चालण्यास सांगितलें आणि शेवटीं विचारलें, "सकाळीं काय खातां?" मीं सांगितलें, "साखरेचा दोन कप चहा, बिस्किटें, मग पोहे किंवा सांजा." ते हंसून म्हणाले, "तर मग तेथूनच आरंभ करूं."

सकाळच्या खाण्यावर एवढा कटाक्ष कां, हें त्यांनीं समजावून दिलें. पहाटे आपण जागे होण्यापूर्वींच शरीर दिवसाच्या कामाची तयारी करूं लागतें. त्या वेळीं रक्तांत कांहीं स्राव वाढतात आणि त्यांच्या आज्ञेनें यकृत आपल्या कोठारांतील साखर बाहेर सोडतें. निरोगी मनुष्याचें इन्शुलिन ती आवरून धरतें; मधुमेह्याचें तितकें समर्थ नसतें. म्हणजे आपण पानावर बसण्यापूर्वींच घागर बरीचशी भरलेली असते. तींत चहा, बिस्किटें आणि सांजा ओतला तर ती वाहूं लागेल, यांत नवल कोणतें?

दर वर्षीं मार्गशीर्षांत आम्ही दापोली तालुक्यांतील आंजर्ल्यास, वडिलोपार्जित घरीं, आठ दिवस जाऊन राहतों. तेथें थोरले बंधू, वहिनी, त्यांची मुलें-सुना व नातवंडें असा भरला संसार आहे. यंदा जावें कीं नाहीं, असा प्रश्न सौ.नें काढला, पथ्याचा मनुष्य आणि कोंकणांतील पाहुणचार यांचा मेळ बसणार कसा, हीच तिची काळजी. अखेर बोटाच्या टोंकावरील थेंबावरून साखर सांगणारें लहानसें यंत्र पिशवींत टाकून आम्ही निघालों.

मुळशीचें पाणी मागें टाकून ताम्हिणी घाट उतरलों तेव्हां उन्हें नुकतींच वर आलीं होतीं. दरींत धुकें सांचलेलें, कारवीचीं रानें दंवानें ओलीं. माणगांवच्या अलीकडे गाडी न्याहारीस थांबली. आजवर ज्या फळ्याकडे मी आनंदानें पाहत असें, तो त्या दिवशीं आरोपपत्रासारखा वाचला: वडापाव, पोहे, शिरा, साबुदाण्याची खिचडी, जिलबी. त्यांत पोट भरण्याचे पदार्थ पुष्कळ, परंतु साखर बेतानें चढूं देणारा एकही नव्हता. शेवटीं मिसळ मागविली, पाव परत केला आणि वाटींतील मटकीवर समाधान मानलें. पुढें मंडणगडावरून लाल मातीच्या वळणांनीं गाडी समुद्राकडे उतरूं लागली, आणि माडांच्या शेंड्यांतून पाण्याची चमक दिसली तशी मनावरची चिंता थोडी उतरली.

आंजर्लें हें जोग नदीच्या मुखाशीं, माडापोफळींच्या सावलींत दडलेलें गांव. पूर्वीं हर्णैकडून येतांना तर ओलांडावी लागे. आतां पूल झाला आहे. आगरांतून पाटाचें पाणी झुळझुळतें, जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ धरतें, आणि सकाळीं प्रत्येक घरांतून मऊभाताचा वास येतो. ज्यानें तो खाल्ला आहे त्यास त्याचें वर्णन नको: आसट शिजलेला गरम भात, त्यावर मेतकूट, मीठ, आणि मध्यें साजूक तुपाची विहीर.

पहिल्या सकाळीं वहिनींनीं तोच वाढला. मीं थोडी कांकूं करतांच त्या म्हणाल्या, "भावजी, या घरांत मऊभात खाल्ल्यावांचून कोणी बाहेर पडलेलें नाहीं. मामंजींच्या वडिलांना कोठें झाला होता तुमचा मधुमेह?" मीं मुकाट्यानें खाल्ला. दोन तासांनीं यंत्रानें २३८ दाखविले. डॉक्टरांनीं तर १८० च्या आंत राहण्यास बजावलें होतें.

वहिनींचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. आजोबा मऊभातच खात. पण तो खाऊन ते आगराचें शिंपणें करीत आणि केळशीपर्यंत पायीं जाऊन येत. जवळच्याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठीं सह्याद्रि चढून पायीं सातारा गांठते झाले, आणि वयानें लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसूं न दिल्यामुळें तसेच परत आले! पुढें तेच महर्षि १०४ वर्षें जगले. त्या पायांखालीं भाताची साखर जळून जात असे. आम्हीं भात तेवढा ठेवला आणि चालणें सोडलें.

शिवाय आपल्या शरीराची घडणही ध्यानांत घेतली पाहिजे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचें एक छायाचित्र २००४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें. परंतु युडकिन यांच्या अंगीं मेद शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगीं २१.२! आपण बारीक दिसतों म्हणून सुरक्षित, हा आपला समज केवळ आरशानें करून दिलेला आहे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत भारतांत १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचें आढळलें, आणि प्रमाण सर्वांत अधिक निघालें तें आपल्या शेजारच्या गोव्यांत: प्रौढांमध्यें शेंकडा २६.४.

दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं माझ्यासाठीं मुद्दाम नाचणीची आंबील केली. २०२३ हें भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलें गेल्यापासून नाचणी म्हणजे मधुमेहावर रामबाण, असें जो तो सांगूं लागला आहे. आंबील रुचकर होती. गूळही बेताचा होता. यंत्र म्हणालें २२९. वहिनींचा चेहरा उतरला. पण दोष नाचणीचा नव्हता. कोणतेंही धान्य वस्त्रगाळ दळून पातळ शिजविलें कीं पोटास करावयाचें काम चुलीनेंच करून ठेविलेलें असतें. तें झरझर रक्तांत उतरतें. गुळाविषयीं तर साखरेहून निराळें कांहीं समजण्याचें कारणच नाहीं. टोरोंटो येथील डॉ. जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ मध्यें निरनिराळे पदार्थ रक्तांतील साखर किती चढवितात याचें कोष्टक मांडलें. तेव्हांपासून हें कळत आलें आहे कीं, पदार्थाचें नांव पाहून भागत नाहीं. त्याचें रूप, माप आणि सोबत हींही पाहावीं लागतात.

तिसऱ्या सकाळीं मीं शुद्ध मूर्खपणा केला. आंकड्यांची धास्ती घेऊन ठरविलें कीं खावेंच कशाला? गोळी मात्र नेमानें घेतली आणि पुतण्यासह कड्यावरच्या गणपतीस निघालों. पायऱ्यांची वाट झाडींतून वर चढते. देवालय मोठें रम्य, आणि वरून सुवर्णदुर्ग समुद्रांत बसलेला दिसतो. पण त्या दिवशीं मला तो दिसला नाहीं. अर्ध्या वाटेवर अंगास गार घाम सुटला, हात कांपूं लागले, जीभ अडखळूं लागली. दमलों असेन असें समजून पुतण्यानें बसविलें. मीं खिशांतील यंत्राकडे बोट केलें. आंकडा ५६. माझी गोळी स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावणाऱ्या जातीची. पोटांत अन्न नसतां तिनें होती नव्हती ती साखरही ओढून नेली होती.

वाटेवर नारळ-फुलें विकणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं चहाच्या डब्यांतली तीन चमचे साखर पाण्यांत ढवळून मला पाजली. पाव तासानें पुन्हां मोजलें तों ८१. मग त्यांच्याचकडे दोन केळीं खाऊन मी सावकाश खालीं उतरलों. ज्या साखरेपासून पळत होतों तिनेंच त्या दिवशीं मला उभें केलें. इन्शुलिन किंवा अशा जातीची गोळी घेणारानें न्याहारी चुकवूं नये, आणि खिशांत साखर ठेविल्यावांचून घराबाहेर पडूं नये, हा धडा मीं असा घेतला.

त्या रात्रीं ओटीवर कोणीच फारसें बोललें नाहीं. दिवा मालवण्याच्या वेळीं दादा जवळ येऊन बसले. आजपर्यंत यंत्राची थट्टा करणारे आमचे दादा. त्यांनीं मुकाट्यानें आपलें बोट पुढें केलें. "मोज," म्हणाले. "सहा महिने रात्रीं चारदां उठतों आहें. वडिलांचा पाय डोळ्यांपुढून जात नाहीं, म्हणून कोणास सांगितलें नाहीं." आंकडा २७१ आला. दारांत वहिनी उभ्या होत्या. त्यांनीं तो ऐकला आणि पदरानें डोळे टिपले. दुसऱ्या दिवशीं दापोलीस जाऊन रीतसर तपासणी केली. शंकेस जागा उरली नाहीं. पाय मात्र निर्दोष आहेत, असें तेथील डॉक्टरांनीं तपासून सांगितलें. परततांना दादा गाडींत प्रथमच मोकळेपणानें बोलले.

त्यानंतर वहिनींनीं स्वयंपाकघराचीं सूत्रें नव्यानें हातीं घेतलीं. जें घरांत आहे त्यांतूनच करावयाचें, बाजारांतून औषधी पीठ म्हणून कांहीं आणावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा. पानावर आधीं पावट्याची उसळ आली. मग नाचणीची एकच भाकरी, कुळथाचें पिठलें आणि ताक. मला दोन तासांनीं १५६, दादांना १९०. पुढच्या दिवशीं पोहे झाले, पण बशी निम्मी, आणि आधीं वाटीभर मोडाच्या मुगांची उसळ. वर पुळणीवरून वीस मिनिटें फेरी. आंकडा १६८. त्याच पोह्यांनीं पुण्यांत मला २२० पर्यंत नेलें होतें! कडधान्यांतील प्रथिनें आणि चोथा पोटांत आधीं गेला कीं मागून येणाऱ्या पिष्टास वाट सांवकाश मिळते, आणि चालणाऱ्या पायांचे स्नायू आलेली साखर उचलून नेतात. भाजणीचें थालिपीठही असेंच उपयोगी ठरलें, कारण तींत धान्याच्या जोडीस डाळीही असतात.

हे आंकडे माझे आहेत. वाचकांनीं ते आपले समजूं नयेत. एकच न्याहारी दोघां भावांस सारखी लागू पडली नाहीं, हें वर आलेंच आहे. ज्यानें त्यानें स्वतः मोजून पाहावें, आणि गोळ्यांत फेरफार डॉक्टरांस विचारूनच करावा.

एक गोष्ट मात्र सर्व घरांस सांगण्याजोगी वाटते. पहिले दोन दिवस माझें पान निराळें होतें, आणि त्या निराळ्या पानावर मला आजाऱ्यासारखें वाटे. चौथ्या दिवसापासून सर्वांचें पान एकच झालें. मुलांनीं कुरकुर केली, म्हणून रविवारचा मऊभात वहिनींनीं राखून ठेविला. त्या दिवशीं आम्हां भावांस तो चार घांस, तोही उसळीनंतर. ज्या घरांत दोन पिढ्यांस हा रोग झाला तेथें तिसऱ्या पिढीच्या ताटाचा विचार आजच केला पाहिजे, हें वहिनींना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

पौषांत वहिनींचें पत्र आलें. दादा रोज सकाळीं न्याहारीनंतर पुळणीवर चालतात. उपाशीपोटींचा आंकडा १३० वर आला आहे. थोरल्या मुलानेंही आपणहून रक्त तपासून घेतलें, तें निर्दोष निघालें. आणि शेवटीं लिहिलें होतें, "रोज रात्रीं निजण्यापूर्वीं मी ह्यांचे पाय दिव्यापाशीं धरून तळवे व बोटें पाहतें. तुमचे पाय कोण पाहतें, तें कळवावें."

पत्र वाचून सौ.नें कांहीं न बोलतां दिवा जवळ ओढला.