पातूरच्या धरणावर गळ टाकायला

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या एसटीत बसलात की तासाभरात पातूर येते. अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि सोयाबीनची रानं, आणि समोर हळूहळू मोठी होत जाणारी डोंगराची ओळ. पातूर त्या ओळीच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. पुढे लगेच घाट लागतो. वाशिम, हिंगोली, नांदेडकडे जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी पातूर पाहिलेले असते ते एवढेच, गाडीच्या खिडकीतून. चहा प्यायला उतरायचे, कंडक्टरने घंटी मारली की चढायचे. या माघात मात्र एखादा दिवस काढा, घरची मंडळी बरोबर घ्या आणि पातूरला खरोखर उतरा.

टेकडीवर रेणुकामातेचे देऊळ आहे, तिथे आधी जाऊन या. पायऱ्या चढून गेले की सारे गाव आणि त्यापलीकडची रानं नजरेत येतात. गावालगतच्या टेकडीत कोरलेली जुनी लेणीही आहेत. मुलांना ती दाखवा आणि दगडात एवढे खोदायला किती दिवस लागले असतील ते त्यांनाच विचारा. पण आज मी तुम्हाला बोलावतो आहे ते देवळासाठी किंवा लेण्यांसाठी नव्हे. पातूरच्या पाण्यासाठी.

आपल्या वऱ्हाडात पाण्याचे दोन संसार आहेत. खाली पूर्णेच्या दोन्ही काठांना, अकोट-तेल्हारा-बाळापूरकडे, खारपाणपट्टा. तिथे विहीर खोदली तर मचूळ पाणी लागते, ते माणसाला नको आणि पिकालाही नको. इकडे डोंगराच्या अंगाला मात्र गोडे पाणी. मोर्णा आणि निर्गुणा या नद्या याच डोंगराळ मुलखातून खाली उतरतात. मोर्णा पुढे अकोला शहरातून जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीत शिरते आणि तापी अरबी समुद्राला. घाट चढून वाशिमच्याही पुढे गेलात तर पाणी पैनगंगेकडे वळते. ते गोदावरीवाटे थेट पूर्वेच्या समुद्रात! एकाच दिवशी पडलेला पाऊस, पण एका थेंबाने इकडची वाट धरली आणि दुसऱ्याने तिकडची.

या दोन्ही नद्यांवर पातूर तालुक्यात मातीची धरणे आहेत. ती बांधली ओलितासाठी. पण पाणी साठले की त्यात मासा येतो आणि मासा आला की माणूस येतो. माघ महिन्यात तूर घरात आलेली असते, कपाशीची वेचणी जवळजवळ संपलेली असते आणि हरभरा अजून सोंगायचा असतो. शेतकऱ्याच्या वर्षातले हे चार मोकळे दिवस. थंडी ओसरू लागते, पाणी जरा कोमट होते आणि थंडीत मंद झालेला मासा पुन्हा चाऱ्याला तोंड लावतो.

काठावर पोचलात की लगेच गळ टाकू नका. धरणाचे पाणी सरकारचे असले तरी त्यातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेली असते. संस्थेतले भोई बांधव पैसे भरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढे झालेले मत्स्यबीज, पाण्यात सोडतात आणि वर्षभर त्यावर संसार चालवतात. तुमच्या उभ्या हरभऱ्यात कोणी न विचारता शिरून डहाळे उपटले तर तुम्हाला कसे वाटेल? तेव्हा काठावरच्या माणसाला रामराम घाला, परवानगी विचारा, पावती लागत असेल तर फाडा. हौसेने काठीला गळ लावून बसलेल्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. उलट कुठे बसायचे ते दाखवतात. जाळे मात्र टाकू नका, ते त्यांचे काम.

सामान फार लागत नाही. बांबूची एक लवचीक काठी, तंगूस, दोन-चार लहान गळ आणि तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा सोललेला तुकडा. विकतच्या तरंगण्यापेक्षा धांडा बरा, मासा नुसता हुंगून गेला तरी तो हलतो. चाऱ्याला कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळून घट्ट गोळा मळून घ्या. शेणखताच्या ढिगाखालची गांडुळे डबीत ओल्या मातीसकट घेतलीत तर आणखी उत्तम. ती गोळा करायचे काम मुलांना द्या. आदल्या संध्याकाळीच त्यांची सहल सुरू होते.

कोणता मासा कुठे राहतो हे कळले की निम्मे काम झाले. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी, गाळात तोंड घालून. म्हणजे धांड्याचा तुकडा दोरीवर वर-खाली सरकवला की गिऱ्हाईक बदलते. वाम दगडांच्या कपारीत लपते आणि दिवस मावळल्यावर गांडुळाला येते. तिलापिया तर कुठेही सापडतो. हा मूळचा आफ्रिकेचा पाहुणा, १९५२ साली आपल्या देशात आणला गेला आणि असा वाढला की पुष्कळ तळ्यांत घरच्या माशांनाच जागा उरली नाही. तो गळाला लागला तर बिनदिक्कत घरी न्या, कितीही न्या. शिंगीला मात्र हाताने धरू नका. तिच्या पंखाजवळच्या काट्यात विष असते आणि माणूस तासन्‌तास कळवळतो. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ उतरते. नंतर डॉक्टरला दाखवा.

आणि मरळ! वऱ्हाडातल्या खवय्याला विचारा, तो कटल्याला बाजूला सारील आणि मरळेचे नाव घेईल. मरळ वरची हवाही घेऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात डबकी आटत आली तरी ती तग धरते. पण तिची खरी गोष्ट वेगळीच आहे. पिले निघाली की नर-मादी त्यांना सोडून जात नाहीत. तांबूस-नारिंगी पिलांचा थवा पाण्यावर उकळी आल्यासारखा दिसतो आणि खाली मोठा मासा राखण करीत फिरतो. पिलांच्या जवळ काही आले की तो त्यावर धावतो, आणि म्हणूनच तेव्हा तो पकडायला सगळ्यात सोपा असतो. असा मासा काढलात की उरलेली पिले दोन दिवसांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

इथे मला तुमच्याशी जरा परखड बोलायचे आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिला मोठा पूर येतो तेव्हा नाल्या-ओढ्यांतून मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. उथळ, नव्या पाण्यात अंडी घालायला ते निघालेले असतात. मग गावोगाव काय होते ते तुम्ही पाहिलेलेच आहे. काठ्या, विळे, मच्छरदाण्या, जे हाती लागेल ते घेऊन लहानथोर नाल्यात उतरतात आणि पाटीभर मासे घरी आणतात. एका पावसाळ्यात मी मोर्णेच्या एका नाल्यावर उभा होतो. शेजारी एक म्हातारे भोई होते. एका पोराने चांगली दोन किलोची रोहू वर काढली होती, पोट टम्म फुगलेले. म्हातारबुवा त्याला म्हणाले, "भाऊ, तिच्या पोटात अंडे हायेत. आज तिले सोडून दे, तुह्या पोराले बी मासे भेटतीन." पोरगा हसला आणि मासा पोत्यात टाकून निघून गेला. त्या एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. सगळी जगत नाहीत, हजारात एखादे जगते. पण ते एखादे तरी कुठून येणार?

कोणी म्हणेल, धरणात बीज सोडतातच की. सोडतात, आणि ती सोयही फार जुनी नाही. रोहू-कटल्यासारखे मासे बांधलेल्या पाण्यात सहसा अंडी देत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींकडून अंडी घालून घेतली. त्यातूनच पुढे देशभर मत्स्यबीजाची केंद्रे उभी राहिली, आणि तो दिवस आजही मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. पण बीज केंद्रातून येते ते चार-सहा जातींचेच. वाम, मरळ, शिंगी आणि नाल्यातले ते बोटभर चंदेरी मासे कोणी आणून सोडीत नाही. ती नदीची ठेव आहे. पुराच्या त्या पंधरा दिवसांत ती मोडली की पुन्हा भरायला कोणी येत नाही.

सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ सालच्या कायद्यानेच बंदी आहे. तरीही काही ठिकाणी ते चालते, विजेची तार सोडण्याचे प्रकारही होतात, आणि त्यात माणसे दगावतात. पण सगळ्यात जास्त विष नाल्यात जाते ते कोणाच्याही मनात नसताना. कपाशीवर फवारणी झाली की पंप कुठे धुतो आपण? जवळच्या नाल्यात. रिकामा डबा कुठे जातो? त्याच नाल्यात. बोंडअळीसाठी वापरतात त्यांपैकी पुष्कळ औषधे माशांना थेंबभरही सोसत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. जे औषध अंगावर उडून माणूस मरतो ते पाण्यात ओतल्यावर मासा कसा जगेल? पंपाचे धुणे शेताच्या पडीक कोपऱ्यात, विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, खड्ड्यात टाका.

तिकडे अमेरिकेत क्रॅपी नावाचा वीतभर मासा आहे. चपटा, चंदेरी, तोंड इतके नाजूक की जोरात झटका दिला तर गळाने फाटून निघते. वसंत ऋतूत तो उथळ पाण्यात आला की कुटुंबेच्या कुटुंबे तळ्यावर जातात आणि संध्याकाळी घरी तळून खातात. पण किती धरायचे याचा आकडा तिथल्या पुष्कळ राज्यांनी ठरवून दिला आहे. त्यापुढचा मासा पाण्यात परत. आपल्याकडे हौशी माणसासाठी असा आकडा कोणी सांगत नाही, तेव्हा तो घरातच ठरवा. आज रात्री जेवढे पानात लागतील तेवढे. लहान मासा आणि भरल्या पोटाची मादी ओल्या हाताने सोडवून परत सोडायची. कोरड्या हाताने धरले की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही नंतर मरतो.

मुलांना भिंतीच्या दगडांवर एकटे सोडू नका, शेवाळ फार निसरडे असते. पाणी ओसरलेल्या जागी गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीएवढा पाय जातो. पोहता येणारे एक मोठे माणूस सतत त्यांच्याजवळ हवे.

आता स्वयंपाक. घरात माळकरी आजी-आजोबा असतील तर आतली चूल बाटवू नका, परसात किंवा शेतातल्या झाडाखाली तीन दगड मांडा. खरे सांगायचे तर तिथेच चव जास्त लागते. सोमवार-गुरुवार न खाणारे असतील त्यांचा विचार करूनच सहलीचा दिवस ठरवा.

मासा चुलीतली राख लावून घासा, बुळबुळ जाते. खवले विळ्याने शेपटीकडून डोक्याकडे काढा. पोट चिरताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, सगळा मासा कडू होतो. रोहूचे पित्त औषधी म्हणून गिळणारे काही लोक आहेत. ते अजिबात करू नका. त्याने मूत्रपिंडे निकामी होऊन लोक दवाखान्यात गेले आहेत.

किलोभर माशाचे अंगठ्याएवढ्या जाडीचे तुकडे करून हळद, मीठ आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा. तोवर दोन मोठे कांदे निखाऱ्यात भाजा, अर्धी वाटी सुके खोबरे तव्यावर लालसर करा, दोन चमचे धने आणि थोडे जिरे परता. पंधरा लसणाच्या पाकळ्या, बोटभर आले आणि सोसेल तेवढ्या लाल मिरच्या घालून हे सारे पाट्यावर बारीक वाटा. तेलात वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता, घाई करू नका. मग गरम पाणी, मीठ. रस्सा खळखळ उकळला की शेवटी मासा सोडा. दहा-बारा मिनिटे पुरे. चमचा घालायचा नाही, पातेले फडक्याने धरून हलवायचे, नाहीतर तुकड्यांचा भुगा होतो. काही घरी चिंचेऐवजी अंबाडीचा पाला घालतात, झिंग्यांना तर तोच शोभतो.

लहान मासे मात्र रश्श्यात वाया घालवू नका. तिखट-मीठ-हळद चोळून ज्वारीच्या पिठात घोळा आणि तव्यावर थोड्या तेलात कडक करा. मरळेला बारीक काटे नसतात, तिचा तुकडा लहान मुलाच्या पानात वाढा. रोहू खाताना मोठ्यांनीही बोलू नये, काटा घशात जातो. कटल्याचे डोके ज्याने गळ टाकला त्याचे, असे आमच्याकडे म्हणतात. पण ते बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत धाकट्याच्या पानात जाते. रस्सा उरलाच तर झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीबरोबर तो आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागतो.